खव्याच्या बर्फातली सुई

अनसाकाकूंनी मला दोनदा मारलं. पहिल्या वेळी चूक माझी होती. दुसऱ्या वेळी नव्हती, असं मला त्या क्षणी वाटलं. तासाभरात ते मत बदलावं लागलं. अर्थात यात मी एकटाच नाही. येरमाळ्यात हायवेच्या आमच्या बाजूला काकूंच्या हातचा खवा किंवा काकूंच्या हातचा मार, यांपैकी काहीच खाल्लं नाही असा माणूस सापडणं कठीण आहे.

स्टँडजवळ माझं मेडिकलचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत काकूंची खव्याची भट्टी. पत्र्याखाली चार कढया, खाली लाकडाचा जाळ. नवरा लवकर गेला. मुलगा दत्ता टेम्पोत खवा घालून बार्शी-सोलापूर करायचा, त्यामुळे तो घरी असून नसल्यासारखा. भट्टीवर काकू, सून मनीषा आणि रोजानं येणाऱ्या दोघी बायका. खवा करणं म्हणजे काय, हे लांबून पेढा खाणाऱ्याला कळत नाही. कढईत दूध ओतलं की पाऊण तास उलथणं थांबवायचं नाही. शिंक आली तरी एका हातानं हलवत शिंकायचं. थांबलात की दूध बुडाला लागलंच. काकूंचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "दुधाला आन माणसाला उसंत दिली, की बुडाला लागतंय." माणसाला उसंत न देण्याची त्यांची पद्धतही त्याच उलथण्याची होती. लांब लाकडी दांडा, पुढं लोखंडी पातं. लोक छत्री घेऊन बाहेर पडतात तशा त्या उलथणं घेऊन बाहेर पडायच्या.

बुटक्या, रुंद, कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचे डाग. बोलणं कमी. आधी हात चालायचा, कारण मागून कळायचं, कधी कळायचंही नाही. एका दूधवाल्यानं एकदा दुधात पाणी घातलं. काकूंनी बोट बुडवून चाखलं आणि अख्खं कॅन त्याच्या डोक्यावर उपडं केलं, पौषातल्या थंडीत, भर रस्त्यात. वर कॅनही हाणलं. त्याच्या कपाळाला चार टाके पडले. गंमत अशी की पुढं कितीतरी वर्षं तोच माणूस त्यांना दूध घालत राहिला. "काकूकडं एकदाच मार बसतोय, बाकीच्याकडं रोज बसतोय," असं तो माझ्या दुकानात बसून सांगायचा.

हे ऐकताना हसू येतं. मलाही यायचं. मनीषाच्या दंडावरचे काळेनिळे वळ दिसले की मात्र यायचं नाही. ती बारावी झालेली, सडपातळ, हळू आवाजात बोलणारी मुलगी. मलम मागायला यायची, तेव्हा "कशावर लावायचंय" हा प्रश्न मी टाळायचो आणि तीही सांगायची नाही.

मग काकूंच्या पोटात आजार शिरला.

रक्त पडायला लागलं तेव्हा त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते बाजारात तंबू ठोकून बसणाऱ्या एका मूळव्याधवाल्याला. आमच्याकडे शौचाला रक्त पडलं की मूळव्याध, यावर कुणाचं दुमत नसतं. त्यानं लाल रंगाचा, जिभेला चटका देणारा काढा दिला. काकूंनी तो महिनाभर घेतला आणि एका सकाळी कढईपाशीच चक्कर येऊन पडल्या. शुद्धीवर आल्या, लुगडं नीट केलं, उलथणं उचललं आणि बाजारात गेल्या. तंबूतल्या बरण्या एकेक करून फोडल्या. त्या मूळव्याधवाल्याला दाढीला धरून खाली बसवलं आणि उरलेली बाटली त्याच्या तोंडाला लावली. "पी. सगळी पी. तुझी बी मूळव्याध बरी हुईल." लोखंडी पातं त्याच्या गळ्याशी होतं, म्हणून तो प्यायला. दोन दिवस तो माणूस रानातच होता म्हणतात. बाजार पोट धरून हसला. काकू मात्र परत येताना वाटेत दोनदा बाभळीच्या आड गेल्या, हे मी दुकानातून पाहिलं.

त्यावरूनच मी पहिला मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या तेव्हा मी हुशारी दाखवली. चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "काकू, दिवसातनं किती वेळा संडासला होतं तुम्हाला?" कानाखाली अशी बसली की गोळ्यांची बरणी हातातून सुटली. माझी लायकीच होती ती. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर त्या पुन्हा आल्या. दोन्ही हातांची दहा बोटं वर केली, मग एका हाताची आणखी पाच. आणि हळूच म्हणाल्या, "रगत बी."

तेव्हापासून आमची ती भाषाच झाली. रस्त्याच्या पलीकडून जाताना त्या नुसती बोटं वर करायच्या. लोकांना वाटायचं, काकू गुडघ्याच्या गोळ्या मागतायत.

मी त्यांना सोलापूरच्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत मनीषा गेली. दुर्बीण घातली. मोठं आतडं आतून सोलल्यासारखं झालं होतं, जागोजाग व्रण. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. डॉक्टरांनी समजावलं, की बाहेरचा कुठला जंतू नाही. शरीराची स्वतःची राखणदार फौज स्वतःच्याच आतड्यावर उलटली आहे. काकूंना ते लगेच पटलं. "म्हंजी माझंच रगत माझ्यावर उठलंय? बरुबर हाय. माझंच हाय ते." मनीषानं हे मला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा जराशी हसली होती.

आधी गोळ्या झाल्या. मग स्टेरॉइड. स्टेरॉइडनं रक्त थांबलं, तोंड पुरीसारखं फुगलं आणि मूळच्या रागात तेल पडलं. डोस कमी केला की आजार परत यायचा. असं तीनदा झालं. त्या काळात भट्टीवरच्या दोघी बायकांपैकी एक काम सोडून गेली. दुसरी गेली नाही, कारण तिला ऐकू कमी यायचं. मनीषा कुठं जाणार?

आणि कढई. काकूंना कढई पुरी करता येईना. दहा मिनिटं झाली की उलथणं टाकून पळायच्या, तोवर दूध बुडाला धरायचं. एकदा परत आल्या, करपल्याचा वास घेतला आणि कढईला अशी लाथ घातली की उकळतं दूध जाळावर सांडून भट्टीभर राखेचा चिखल झाला. पायाला फोड आले. मी पट्टी बांधत होतो तेव्हा त्या छताकडे बघत म्हणाल्या, "मला जगायची लई हौस न्हाय रं. पर एक कढई पुरी करता यावी माणसाला."

एस.टी.तला प्रकारही तेव्हाचाच. सोलापूरहून येताना बार्शी सोडली आणि काकूंना कळ आली. कंडक्टर म्हणाला, "आता एकदम येरमाळ्यातच थांबंल." काकूंनी हातातला जेवणाचा डबा त्याच्या डोक्यात घातला, तशाच पुढं जाऊन ड्रायव्हरची कॉलर धरली. गाडी थांबली. दोन्ही बाजूंना तुरीची काढलेली रानं, आडोसा म्हणून एक झुडूप नाही. काकू खाली उतरून नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड असं हरल्यासारखं झालेलं मनीषानं कधी पाहिलं नव्हतं. मग गाडीतल्या बायका उतरल्या, ओळख ना पाळख, सात-आठजणी. पाठ करून गोल उभ्या राहिल्या आणि पदर पसरले. पुढच्या आठवड्यात काकूंनी त्या कंडक्टरला किलोभर खवा पाठवला. निरोप एवढाच, की डबा परत दे.

शेवटी डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे बायोलॉजिक. जिवंत पेशींत तयार केलेलं, प्रथिनाचं औषध. ते त्या उलटलेल्या फौजेला आवरतं. पोटाच्या कातडीखाली टोचायचं. पहिल्या दिवशी चार सुया, पंधरा दिवसांनी दोन, मग दर पंधरवड्याला एक. त्यानं जमलं नाही तर दुसरी वाट, मोठं आतडं काढून टाकायचं आणि पोटावर पिशवी. काकू म्हणाल्या, "पिशवी लावून कढईवर उभी ऱ्हाऊ? त्यापरीस मला कढईतच घाला." म्हणजे सुई लागू पडायलाच हवी होती.

दबलेला टीबी या औषधानं जागा होऊ शकतो, म्हणून आधी छातीची आणि रक्ताची तपासणी झाली. ती चांगली आली. पहिल्या चार सुया सोलापुरात दिल्या आणि नर्सबाईंनी मनीषाला टोचायला शिकवलं. पुढच्या सुया माझ्याकडून जाणार होत्या. मी ती खोकी थर्माकोलच्या डब्यात घालून मनीषाच्या हातात दिली आणि तीन-तीनदा बजावलं: "फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव. बर्फाच्या खणात अजिबात नको. एकदा गोठलं की औषध मेलं, वितळलं तरी उपयोग नाही."

"खालच्या कप्प्यात. बर्फात न्हाय," मनीषानं शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं.

तीन दिवसांनी ती भुवई फुटलेली घेऊन आली. जखम खोल होती. "कढईचा कान लागला, दादा," म्हणाली. कढईचा कान गुडघ्याएवढ्या उंचीवर असतो. मी जखम धुतली, चिकटपट्ट्या लावल्या आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात पाठवलं. विचारलं काही नाही. कुणाच्या घरात डोकावू नये असं आम्ही म्हणतो. डोकावतो सगळेच, फक्त बोलत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे काकूंची बोटं कमी होत गेली. पंधराची दहा, दहाची आठ. मी दुकानातून मान हलवायचो. मग बोटं पुन्हा वाढायला लागली. बारा. पंधरा. एक दिवस त्यांनी दोन्ही हात दोनदा वर केले आणि मी नजर वळवली. चैत्रात येडाई देवीची यात्रा भरली, सगळं गाव रिवाजाप्रमाणे आमराईत चुन्याचे खडे वेचायला गेलं, आणि दरवर्षी पुढं असणाऱ्या काकू त्या वर्षी घराच्या मागच्या संडासाच्या पायरीवर बसून होत्या. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, दोन महिने झाले, या बाईंना बायोलॉजिकही लागू पडत नाही, रक्त फार कमी झालंय. ऑपरेशन पंधरा दिवसांवर ठरलं. त्या दिवशी मागच्या गल्लीतून जे आवाज आले ते मी काउंटरवर उभा राहून ऐकले. "तुझ्या हाताला गुण न्हाय," असं काकू ओरडत होत्या, आणि प्रत्येक शब्दामागे एक धपका. मनीषाचा आवाज येत नव्हता. मी रेडिओ मोठा केला. हे लिहितानाही माझी मान खाली जाते आहे.

त्यानंतर आठवड्यानं घरी पाहुणे येणार होते म्हणून मी खवा आणायला भट्टीवर गेलो. काकू कढईवर होत्या. घामाघूम, ओठ पांढरे, पण कढई धरून. मनीषानं खवा काढायला डीप फ्रीजचं झाकण उघडलं. आत खव्याच्या दगडासारख्या वड्या रचलेल्या, त्यांच्यावर बर्फाची पांढरी बुरशी. आणि दोन वड्यांच्या मधे, त्याच बुरशीनं माखलेलं, माझ्या दुकानातलं सुईचं खोकं.

मी ते ओढून काढलं. सुईतलं औषध गोठून पांढरं झालं होतं.

"हे इथं कसं काय?"

कढईवरून काकू म्हणाल्या, "म्या ठिवलंय. सगळ्या तिथंच ठिवल्या. घरातल्या फ्रीजात कोथमीर बी टिकत न्हाय. यात खवा म्हैने-म्हैने ऱ्हातोय, जितकं गार तितकं चांगलं. सुईला काय धाड भरलीया?"

खवा करणाऱ्याचं सगळं आयुष्य या एका ज्ञानावर उभं असतं, जितकं गार तितकं टिकतं. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? पण मी म्हणालो. म्हणालो, की काकू, गोठलं की हे औषध मरतं. सोलापुरातल्या चार सोडल्या तर तुम्ही एकही खरी सुई घेतलेली नाही. तुम्हाला लागू पडत नाही असं नाही, तुमच्या पोटात गेलेलंच नाही.

उलथणं टाकून त्या आल्या आणि उलट्या हाताची माझ्या तोंडावर बसली. ओठ दातावर आपटून फुटला. "म्हंजी म्याच माझं वाटूळं केलं म्हंतूस?"

"म्या सांगितलं व्हतं, आत्या."

मनीषा बोलली. सासूला ती आत्या म्हणायची. आवाज नेहमीसारखाच हळू होता. तिनं भुवईवरच्या खुणेला बोट लावलं. "बर्फात नगं म्हणून सांगितलं व्हतं. तवाच तर हाणलं तुमी."

कढईवर कुणी नव्हतं. दूध धरायला लागलं, वास सुटला, आणि त्या भट्टीत बहुधा पहिल्यांदाच करपल्याच्या वासावर कुणी हललं नाही. काकू मनीषाच्या भुवईकडे बघत होत्या. मग वळून त्यांनी जमिनीवरचं उलथणं उचललं. मी मधे पडायला हवं होतं; पडलो नाही. काकूंनी उलथण्याचा दांडा मनीषापुढं धरला.

"मार."

मनीषानं नकारार्थी मान हलवली.

"मार म्हंते न्हवं का. म्या हाणलं ते चुकीचं व्हतं. ते माझ्याकडं ठिवायचं न्हाय मला. मार."

अशा वेळी काय होतं, ते आपण गोष्टींतून वाचलेलं असतं. सून उलथणं फेकून देते, सासूच्या गळ्यात पडते, दोघी रडतात. मीही त्याचीच वाट बघत होतो. मनीषानं दांडा हातात घेतला, दोन्ही हातांनी नीट धरला, आणि मारलं. खांद्याखाली पहिला बसला. काकू हलल्या नाहीत. दुसरा कोपराच्या पुढं. स्टेरॉइडनं काकूंची कातडी कागदासारखी झालेली. ती दुधावरच्या सायीसारखी एका बाजूला सरकली आणि रक्त बोटांवरून खाली टपकायला लागलं. मनीषानं तिसऱ्यांदा दांडा उचलला. तिच्या तोंडावर जे होतं ते मी कुणाच्याही तोंडावर पुन्हा पाहिलेलं नाही. मग तिनं तो आपणहून खाली आणला, कढईकडे गेली आणि करपलेला खवा खरवडायला लागली. ती रडली नाही. काकूही रडल्या नाहीत. मीच काय तो रडलो, आणि ओठ फुटल्यामुळे रडतोय असं दाखवलं.

दुकानात हात बांधताना काकू म्हणाल्या, "जोर हाय पोरीत."

मी म्हणालो, "काकू, तिची भुवई मीच बांधली होती. मला दिसत होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भित्रा हायस तू," म्हणाल्या. शिव्या त्यांनी मला पुष्कळ दिल्या होत्या. ही शिवी नव्हती, म्हणून लागली.

दुसऱ्या दिवशी त्या सोलापूरला गेल्या आणि डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की औषध गुणाचं होतं, म्या मारलं. रक्ताच्या बाटल्या चढवल्या. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं, रद्द केलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू, तीन महिन्यांत आतडं भरून आलं नाही तर काढायचं, असं ठरलं. पहिल्या चार सुया पुन्हा तिथंच दिल्या. बाकीच्या माझ्या दुकानातल्या फ्रीजमध्ये राहतील असं मी सांगितलं. कुणी वाद घातला नाही.

मग दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी दोघी माझ्या दुकानात यायच्या. मागच्या बाजूला खोक्यांच्या आडोशाला एक बाकडं होतं. सुई आधी बाहेर काढून अर्धा तास ठेवायची. त्या अर्ध्या तासात दोघी एका बाकड्यावर दोन टोकांना बसायच्या. मग काकू लुगडं थोडं खाली सारून पोट पुढं करायच्या. पहिल्या गुरुवारी मनीषानं चिमटीत कातडी धरली आणि तिचा हात थरथरायला लागला.

"हाणताना न्हाय थरथरला. आता काय झालं?" काकू म्हणाल्या.

मनीषानं सुई खुपसली. जरा जोरातच.

बोटं उतरायला लागली. वीस, चौदा, नऊ. मी आता नजर वळवत नव्हतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस त्यांनी एकाच हाताची चार बोटं दाखवली आणि दुसरा हात मुद्दाम पाठीमागे धरला. त्यानंतर काही दिवसांनी भट्टीवर गेलो, तर काकू कढईवर. मी मुद्दाम थांबलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. दूध आटलं, घट्ट झालं, कडा सोडायला लागलं. काकूंचे डोळे कढईत, बांधलेल्या हाताची पट्टी केव्हाच निघालेली, तिथं लांब गुलाबी व्रण. शेजारच्या कढईवर मनीषा, भुवईवर तिची खूण. वाफेत दोघींची उलथणी एका ठेक्यात खरखरत होती. खव्याचा गोळा झाला, काकूंनी तो परातीत काढला आणि मग सावकाश, पळत नव्हे, मागच्या दारानं गेल्या. मनीषा म्हणाली, "दादा, पुरी केली." तिचे डोळे भरले होते, की धूर होता, ते मी विचारलं नाही. या वेळी न विचारणंच बरं होतं.

तीन महिन्यांनी दुर्बिणीत आतडं भरून आलेलं दिसलं. ऑपरेशनचं नाव निघालं नाही. सुई मात्र चालूच राहणार.

लोक म्हणतात सुईनं काकूंचा स्वभाव बदलला. काही बदलला नाही. त्याच महिन्यात त्यांनी लाकूडवाल्याला ओली लाकडं दिली म्हणून त्याच्याच लाकडानं झोडपलं. मनीषावर मात्र हात उचलला नाही, एकदाही. आणि माफीही मागितली नाही. त्यांच्या लेखी उलथणं हातात दिलं तेव्हाच तो विषय संपला होता. मनीषाच्या लेखी संपला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळी झाल्यावर मनीषानं एक नवीन काम काढलं. बाकड्यावर बसली की ती खव्याचा एक गोळा पुढं ठेवायची आणि रिकाम्या सुईत पाणी भरून काकूंच्या हातात द्यायची. "आत्या, असं धरा. तिरकं न्हाय. हळू दाबा." काकू वैतागायच्या, "तू हायस की." "असू द्या. यायला पायजे." तीन गुरुवार हे चाललं. मला वाटलं, सोय म्हणून शिकवते आहे.

चौथ्या गुरुवारच्या आधी दत्ता आणि मनीषा बार्शीला गेले. कायमचे. तिथं जागा बघून ठेवली होती, स्वतःची भट्टी घालायची होती. टेम्पोत दोन कढया चढवल्या. गल्लीतले सगळे दारात येऊन उभे राहिले, कारण आता रक्त सांडणार यात कुणाला शंका नव्हती. काकू दारात, हातात उलथणं. मनीषा पुढं आली, पायाला हात लावला, म्हणाली, "आत्या, सुई चुकवू नगा." काकू तिच्या डोक्यावरून टेम्पोकडे बघत होत्या. "दत्ता, कढया नीट बांध. वाजतील," एवढंच म्हणाल्या. टेम्पो हायवेला लागला. कढया वाजत नव्हत्या.

त्यानंतर महिन्याभरात मी दुकान भावाच्या हवाली करून धाराशिवला राहायला आलो. काकू अजून आहेत, दोन कढया चालवतात, असं भाऊ सांगतो. मला मात्र काकू म्हटलं की तो चौथा गुरुवार आठवतो.

त्या एकट्याच आल्या. मी सुई बाहेर काढून ठेवली. अर्धा तास त्या बाकड्याच्या त्यांच्या टोकाला बसल्या, दुसरं टोक रिकामं. मी म्हणालो, "काकू, मी देऊ का?"

"तोंड फिरव," त्या म्हणाल्या.

मी फिरवलं. पण समोर कपाटाची काच होती आणि तिच्यात दिसत होतं. त्यांनी लुगडं सारलं, चिमटीत कातडी धरली, सुई जवळ नेली. दूधवाल्याच्या, मूळव्याधवाल्याच्या, माझ्या, मनीषाच्या अंगावर कधी न चुकलेला तो हात असा थरथरत होता की टोक कातडीवर टेकेना. दोनदा मागे घेतला. डोळे मिटले. मग दिली.

त्यांनी कापूस दाबून धरला.

"तिला फोन लाव," म्हणाल्या. "सांग, माझी म्या दिली म्हणून."

मी नंबर शोधत होतो, तेवढ्यात त्या पुन्हा म्हणाल्या, "हात थरथरला ते सांगू नगं."